नावेचा ओटा

आमच्या दारात शिडाची नाव उभी आहे. इंदापूर तालुक्यात कुणाच्या दारात ट्रॅक्टर असतो, कुणाच्या दारात जर्सी गाय, कुणाच्या दारात पोराला लग्नात मिळालेली चारचाकी. आमच्या दारात नाव. पाण्यापासून दोन हाकांच्या अंतरावर, जुन्या टायरांवर टेकवलेली. नवा पाहुणा आला की आधी तिच्याकडं बघतो, मग माझ्याकडं बघतो, आणि चहा येईपर्यंत गप्प बसतो.

ती मी घेतलेली नाही. धरणाच्या फुगवट्याच्या कडेला पुण्याच्या एका डॉक्टरनं बंगला बांधला होता, त्याची दारं-खिडक्या मी केल्या. मी सुतार. मूळचा सांगवीकडचा, बैलगाड्या करणारा. गाड्या संपल्यावर चौकटी करायला इकडं आलो. त्या डॉक्टरनं हौसेनं ही नाव मुंबईकडनं आणली, जुनीच, फायबरची. दोन सुट्ट्या पाण्यात फिरवली. तिसऱ्या सुट्टीला वारं पडलं आणि डॉक्टर भर उन्हात पाण्याच्या मधोमध चार तास बसून राहिला. पुढं तो पोराकडं परदेशात गेला. जाताना म्हणाला, तात्या, ही नाव तुम्हाला. मी बरं म्हटलं. फुकटच्या वस्तूला नको कसं म्हणायचं ते आमच्यात कुणी शिकवत नाही.

शीड कांद्याच्या चाळीवर गेलं. डोलकाठीला टीव्हीची छत्री बसवली. दोर गोठ्यात गेले. उरली नुसती नाव, आणि तिचं काय करायचं ते मला सुचलं नाही. बायकोला सुचलं.

नावेचा वरचा भाग, डॉक्टर त्याला डेक म्हणायचा, पांढरा, सपाट, छातीएवढ्या उंचीवर. कुत्र्याचं तोंड पोचत नाही, कोंबडी चढत नाही, आणि फायबर असं तापतं की सकाळी घातलेली कुरडई तिसऱ्या दिवशी खडखडीत वाळते. हिनं त्याला ओटा म्हणायला सुरुवात केली. शिमगा झाला की ओट्यावर सांडगे, पापड, मिरच्या. गल्लीतल्या बायका आपापल्या साड्या घेऊन यायच्या आणि ओट्यावर जागा धरायच्या. नावेच्या पोटात बुटकी खोली आहे. तिथं हिनं गोवऱ्या आणि लसणाच्या जुड्या ठेवल्या. आत रांगत जावं लागतं, आणि गोवऱ्या आणायला रांगत जाणारा पुरुष आमच्या गल्लीत अजून जन्मला नव्हता, म्हणून मी कधी गेलो नाही.

नाव आल्यावर चार-पाच वर्षांनी ती पहिल्यांदा म्हणाली, ओटा मधी दबतोय. मी म्हटलं, फायबरचं काम सुताराचं नाही. दुसऱ्या वर्षी तेच म्हणाली, मी तेच म्हटलं. खरं सांगायचं तर मी एकदा खालून हात लांब करून मधला भाग दाबून बघितला होता. वर फायबर, खाली फायबर आणि मधी लाकूड, असं ते काम होतं. कुठल्या तरी स्क्रूच्या भोकातनं पाणी आत गेलं होतं आणि लाकूड कुजलं होतं. लाकूड होतं म्हणजे काम माझंच होतं. पण एकदा नाही म्हटलेल्या गोष्टीला व्हय म्हणायचं तर तिच्यापुढं वाकावं लागलं असतं, आणि आत रांगत जाण्यापेक्षा मला ते अवघड होतं.

पुढं तिनं सांगायचं सोडलं. एका शिमग्याला बघतो तर ओट्यावर गेरूनं चार मोठे ठिपके. मी तिला चिडवलं, आता नावेवर पण रांगोळी काढायला लागलीस का. ती नुसतं व्हय म्हणाली. नंतर दर वर्षी ते ठिपके उजळायची. मी दर वर्षी चिडवायचो. आमचं बोलणं बहुतेक असंच चालायचं, एकाच जागेवर पाय ठेवून.

मागच्या चैतात तिचा पाय ओट्यातनं खाली गेला. हातात कुरडयांचं ताट होतं. गुडघ्यापर्यंत पाय आत, फायबरची धार लागून मांस उघडं पडलेलं. मी शेडमधनं पळत आलो आणि पहिलं काय बोललो ते सांगतो, कारण लपवून उपयोग नाही. म्हटलं, बघून चालता येत न्हाय का. ती तशीच बसून त्या भोकातनं खाली बघत होती.

तिला शुगर होती. जखम भरेना. बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं, पाय वाचवायची खटपट चालली होती तोवर हृदयच बंद पडलं. तिथला डॉक्टर म्हणाला, पायाचा आणि हृदयाचा थेट संबंध लावता येत नाही. डॉक्टरला लावता येत नसेल. ओटा दबतोय असं डॉक्टरला कुणी सांगितलं नव्हतं.

जायच्या दोन दिवस आधी ती मला म्हणाली, "आता तरी तेवढा ओटा नीट करा. दुसऱ्या कुणाचा पाय जाईल."

मी करतो म्हटलं.

दहाव्याला नरसिंहपूरला संगमावर गेलो. पिंड ठेवला. पलीकडच्या झाडावर कावळे एवढे की झाड काळं दिसत होतं, पण एक खाली येईना. मग रीतीप्रमाणं सुरू झालं. लेक म्हणाली, आई, आबांकडं मी बघते, काळजी करू नको. कावळा येईना. बायकोचा भाऊ म्हणाला, आक्का, तुझी गाय कुणाला द्यायची न्हाय. कावळा येईना. जावेनं काहीतरी जुनं भांडण मिटवलं, मोठ्यानं, सगळ्यांदेखत. तरी येईना. भटजी घड्याळाकडं बघायला लागला आणि मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मला माहीत होतं तिला काय पाहिजे. नुसतं एवढंच म्हणायचं होतं, ओटा नीट करतो. पण गावातली चाळीस माणसं उभी. त्यातला एकजण विचारणार, आधी का केला न्हाय. सुतार असून. मी हात जोडून उभा राहिलो आणि तोंड मिटून ठेवलं. शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. दर्भाचा कावळा काही मागत नाही, कुणाला नाही म्हणत नाही. असे कावळे भरपूर पाहिजेत. आम्ही जेवायला गेलो.

ते मला घरी आल्यावर लागलं. जिवंतपणी ऐकलं नाही ते एक, मेल्यावर चार शब्द बोलायचे होते ते पण बोललो नाही. म्हणून ठरवलं, वर्षश्राद्धाच्या आत ओटा नीट करायचा. कुणाला न सांगता.

आता कुणाला न सांगता म्हटलं तरी नाव दारात. लेक बावड्याला दिलेली आहे. ती फोन करायची आणि दर फोनला तेच म्हणायची, आबा, ती नाव त्या रिसॉर्टवाल्याला देऊन टाका. भिगवणच्या बाजूला लोक रोहित पक्षी बघायला येतात, तिथल्या एकाला दारात नाव उभी करून तिच्यावर दिवे सोडायचे होते, फोटोसाठी. तो दोनदा येऊन गेला होता. मी नाही म्हणायचो. लेक म्हणायची, तुमचं वय काय, त्या फायबरची धूळ छातीत जाती. मी म्हणायचो, जाऊ दे. तिला एवढी घाई कशाची ते मला कळेना, आणि घाई कळली नाही की मी हट्टाला पेटतो. बायको असती तर तिनं लेकीला सांगितलं असतं की याला उलटं सांगायचं असतं.

काम सुरू केलं. दोन्ही बाजूंना उभं राहायला लाकडी घोडे लावले आणि हातोडीच्या दांड्यानं ओटा वाजवत गेलो. चांगली जागा टणटण वाजते, कुजकी जागा भिजलेल्या पोत्यासारखी. भोकाच्या भोवतीनं जवळजवळ सगळा मधला भाग पोतं होता. ग्राइंडरनं वरचं फायबर कापून तुकडे बाजूला ठेवले, ठिपक्यांसकट. खालचं लाकूड हातानं निघालं. चहाच्या चोथ्यासारखं काळं. तीन पाट्या भरल्या.

मग मी चूक केली, आणि ती इतक्या मन लावून केली की अजून तिचा थोडा अभिमान वाटतो. मी बाभूळ घातली. आयुष्यभर बाभळीची चाकं केली, जूं केली, माझ्या हातचे आरे अजून लोकांच्या गोठ्यात खुंटी म्हणून उभे आहेत. दुसऱ्या लाकडावर माझा विश्वास नाही. चांगल्या जाड फळ्या काढल्या, एकमेकींत खाचा घेऊन बसवल्या, लोखंडी बोल्ट मारले. आठ दिवस गेले. वरनं रणगाडा गेला असता.

फायबर चढवायला पलीकडच्या वस्तीवरचा मासेमार बोलावला. तो स्वतः फायबरच्या होड्या करतो, आमची ओळख चौकटीच्या कामावरनं. तो आला, नावेभोवती एक फेरी मारली, फळ्यांवरनं हात फिरवला आणि टायरावर बसला.

"तात्या," म्हणाला, "बैल कुठं जुपायचे?"

मी म्हटलं, लाकूड चांगलं आहे. तो म्हणाला, लाकूड चांगलंच आहे, म्हणूनच ते नावेत नको. बाभूळ जड, आणि ही तर ओली. उन्हाळ्यात आकसली की वरचं फायबर भाकरीच्या पापुद्र्यासारखं उचलणार. आणि एवढं वजन वर घेऊन नाव पाण्यात घातली तर ती आधी कुशीवर झोपणार, मग खाली. मी म्हटलं, पाण्यात घालायचीच नाही.

"मग एवढा घाट कशाला? कुरडया वाळवायला?"

मी फळीवरचा भुसा झटकायला लागलो. त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली आणि उगाच टायराचा रबर टोकरत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, हलकं लाकूड बघा, वाळलेलं. तुमी पोहायला कशावर शिकला?

विहिरीत शिकलो. पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून. आमच्याकडं सगळी पोरं तशीच शिकायची, पांगारा बुडत नाही म्हणून. गाडी करणारा माणूस पांगाऱ्याला लाकूड म्हणत नाही. त्याची खुंटीसुद्धा होत नाही. आता सत्तरी ओलांडल्यावर मी पांगारा शोधत हिंडलो. बावड्याच्या बाजूला एका मोडलेल्या पानमळ्याच्या कुडाला वाळलेला मिळाला. जावयानं टेम्पोत टाकून आणला आणि जाताना मला विचारलं, आबा, तब्येत बरी आहे ना.

बाभळीच्या फळ्या काढायला तीन दिवस लागले. खाचा मीच घेतलेल्या, घट्ट.

फायबरचा रस मासेमारानंच दिला आणि शिकवला. रस घट्ट व्हायला त्यात औषध किती टाकायचं ते उन्हावर असतं, म्हणाला, उन्हाळ्यात कमी, नाहीतर फसाल. मी फसलो. पहिला डबा हातातच धुमसायला लागला आणि ब्रशसकट दगड झाला. तो दगड मी दाराला अडसर म्हणून ठेवला आहे, काहीतरी उपयोग पाहिजे. दुसऱ्या दिवसापासून पहाटेचं काम धरलं.

पांगारा बसवायच्या आधी मासेमारानं एक गोष्ट सांगितली. खालचं फायबर पातळ आहे, ओलं काम वर पडलं की झोळ येणार, म्हणून आतनं टेकू लावून घ्या, आणि रस सुकेपर्यंत वर पाय देऊ नका. टेकू लावायचे म्हणजे आत जायचं. गल्लीत कुणी नाही बघून मी पहिल्यांदा त्या खोलीत रांगत गेलो.

आत गोवऱ्यांचा ढीग अजून होता. बॅटरी लावली. वर बघितलं तर टेकू आधीच लावलेले.

तीन होते. माझ्याच मोडक्या चाकांचे आरे, गोठ्याच्या मागं टाकून दिलेले. तळाला फळीचा तुकडा, वर गोणपाटाची घडी, म्हणजे फायबरला धार लागू नये, आणि मधी पाचर. पाचर बरोबर दिशेनं ठोकलेली. माझ्याकडं कामाला येणाऱ्या माणसांना ती दिशा शिकवताना मी घसा कोरडा केला आहे. हिला कुणी शिकवली नव्हती. नुसतं बघून. तिनं मला सांगायचं का सोडलं ते मला तेव्हा कळलं. तिनं ओटा स्वतःच उभा धरला होता, आणि वर गेरूनं ठिपके काढले होते, कुठं कुठं आधार आहे ते कळावं म्हणून. ठिपक्यावर पाय द्यायचा. बाकी जागेवर कुरडया.

ठिपके चार होते. चौथ्या जागी तळाची फळी होती आणि गोणपाट खाली पडलेलं. आरा नव्हता.

तो कुठं होता ते मला शोधावं लागलं नाही. ती पडली त्याच्या आदल्या महिन्यात, फाल्गुनात, कुऱ्हाडीचा दांडा मोडला होता. नवा करायला वाळलेली बाभूळ पाहिजे होती. या खोलीच्या दारातनं हात घालून बघितलं तर हाताला एक काठी लागली. उभी, अडकलेली. दोन हिसके दिले तेव्हा निघाली. जन्मभर सुतारकी केलेल्या माणसाला पहिल्याच हिसक्याला कळायला पाहिजे होतं की ही काठी काहीतरी तोलून धरते आहे. मला दांडा पाहिजे होता. चांगला झाला दांडा. अजून हलत नाही.

बाहेर येऊन कापून ठेवलेले फायबरचे तुकडे भोकाला लावून बघितले. भोकाच्या काठावर अर्धा ठिपका होता. म्हणजे ती बघूनच चालली होती.

त्या दिवशी पुढं काम केलं नाही. दुसऱ्या दिवशी केलं. दुसरं काय करणार. टेकू लावले, पांगाऱ्याच्या तुकड्यांना रस पाजला, एकेक करून बसवले, वर कापडी मॅट आणि रस, पुन्हा मॅट, पुन्हा रस. घासलं. रंग मासेमारानं दिला. पांढरा. झालं तेव्हा टेकू काढले आणि घोड्यावर उभं राहून हातोडीच्या दांड्यानं सगळीकडं वाजवलं. सगळीकडनं टणटण.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी लेक आली. पिशव्या ओसरीवर ठेवल्या आणि नावेपासून लांबच उभी राहिली. छान झालं म्हणाली, पण जवळ येईना. मी ठरवलं होतं की उद्या चाळीस माणसं जेवायला येतील, त्याआधी निदान एका माणसापुढं तोंड उघडायचं. म्हणून पाणी पण विचारलं नाही आणि सरळ सांगितलं. आत टेकू होते, तुझ्या आईनं लावलेले. एक मी काढला. दांड्यासाठी. ती ठिपक्यावर पाय देऊन गेली.

लेक माझ्याकडं बघत नव्हती.

"मला माहीत हाय, आबा," ती म्हणाली. "आईनं दवाखान्यात सांगितलं. पाय आत गेला तवाच तिला खाली दिसलं, आरा न्हाय म्हणून. कुऱ्हाडीचा नवा दांडा तिनं बघितलाच हुता."

मी विचारलं, मग मला का बोलली नाही.

"त्यांना कळू देऊ नको म्हणाली. ओटा नीट करा म्हणून मी सांगून बघितलं, पण ते काय करायचे न्हाईत, रांगत आत जायचे न्हाईत, तू फक्त नाव दारातनं घालव, म्हणजे कधी कळायचं न्हाय." तिनं नावेकडं बोट केलं. "मी वर्षभर सांगतीय ना तुमाला, देऊन टाका म्हणून."

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याबद्दलचा तिचा एकच अंदाज चुकला, तो पण ती गेल्यावर. त्या गोष्टीचं बरं वाटावं की वाईट, ते मला ठरवता आलं नाही. लेकीला म्हटलं, रडायचं असेल तर रड, पण आधी वर चढून बघ. सुताराचं काम बघितल्याशिवाय पास करायचं नसतं.

ती चढली. आधी कडेकडेनं, मग मधी. दोनदा टाच आपटली. दबत न्हाय, म्हणाली. आणि मग म्हणाली, आबा, तुमी पण या की वर.

मी घोड्यावरनं काम केलेलं, ओट्यावर उभा असा कधीच राहिलो नव्हतो, सगळ्या वर्षांत एकदाही. तिनं हात दिला. वर गेलो. समोर पाणी होतं, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. मागं वळलो तर माझी शेड. शेडला पुढनं मी डोक्याएवढी भिंत घातलेली आहे, घरातनं आत दिसू नये म्हणून. ओट्यावरनं ती भिंत अडवत नाही. माझा पाट दिसतो, रंधा दिसतो, टेकून बसायचा खांब दिसतो, सगळं सरळ दिसतं.

म्हणजे दर उन्हाळ्यात कुरडया घालताना ती इथनं बघत होती, हा माणूस काम करतोय का बसलाय.

बहुतेक वेळा मी बसलेलाच असायचो.